मूर्तिजापूर: स्टेशन नवं, पण गाडी कुठाय?

अकोला आणि बडनेरा यांच्या मधे मूर्तिजापूर लागतं. मुंबई-नागपूर प्रवास करणारे बहुतेक जण इथं झोपेत असतात. आम्हा अपडाऊनवाल्यांना मात्र या स्टेशनाचा खांब न् खांब पाठ. लग्न होऊन अचलपुरातून इथं आले, अकोल्याच्या शाळेत नोकरी लागली, आणि निवृत्त होईपर्यंत आमच्या घराचं घड्याळ सकाळच्या पॅसेंजरवर चाललं.

22 मे 2025 रोजी पंतप्रधानांनी राजस्थानातल्या देशनोकहून नूतनीकरण झालेल्या 103 स्टेशनांचं उद्घाटन केलं. त्यात महाराष्ट्रातली 15 होती. परळ, बारामती, लासलगाव, धुळे, आणि त्यांच्या पंगतीत आमचं मूर्तिजापूर! हे काम ज्या 'अमृत भारत' योजनेतलं, तिच्यात देशभरातली तेराशेवर स्टेशनं निवडली आहेत. गावाची गरज बघून टप्प्याटप्प्यानं काम करायचं, असं तिचं धोरण आहे. रुंद प्रवेशद्वार, वाहनांना मोकळी जागा, प्रतीक्षालय, स्वच्छतागृहं, पादचारी पूल, फलक.

फोटो दर्शनी भागाचे निघतात. माझ्या मते खरी सुधारणा पायाखाली असते. डब्याची जमीन रुळापासून सव्वा मीटरभर उंच. फलाट रुळाच्या पातळीवर असला की म्हातारं माणूस दांड्याला लोंबकळत चढणार, खालून कुणीतरी रेटणार, वरून कुणीतरी ओढणार, आणि गाडी थांबणार दोनच मिनिटं. उंच फलाट 76 ते 84 सेंटिमीटरचा असतो, म्हणजे चढण एका पायरीवर येते. फलाटावर पिवळ्या फरशांचा पट्टा दिसतो, तो शोभेचा नव्हे. लांबट उंचवटे म्हणजे 'सरळ चला', गोल ठिपके म्हणजे 'थांबा, पुढं वळण किंवा कडा आहे'. अंध प्रवासी ते पायानं आणि काठीनं वाचतो. म्हणून त्या पट्ट्यावर पोती आणि बॅगा टाकून बसू नये. आपले लोक नेमके तिथंच बसतात. आणि स्वच्छतागृहाचं म्हणाल तर उद्घाटनाच्या दिवशी नव्हे, सहा महिन्यांनी बायकांना विचारा.

आता मूर्तिजापूर जंक्शन कसं झालं, त्याबद्दल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गावर आणायला इथून छोटी लाइन टाकली. एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला. दोन रुळांतलं अंतर 762 मिलिमीटर, ब्रॉडगेजचं 1676. हीच आमची शकुंतला. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिनं 1994 पर्यंत वापरलं, मग डिझेल आलं. शेवटी शेवटी स्टेशनांवर माणसंच उरली नाहीत, तेव्हा गार्डच तिकिटं फाडायचा. अचलपूर जेमतेम 76 किलोमीटर, पण माहेरी पोचायला चार तास लागायचे. गाडी हळू होती, तरी मजुराला परवडायची. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं या लाइनची मालकी खासगी कंपनीचीच राहिली. रुळांची दुरुस्ती कुणी करायची, हे त्या भानगडीतच अडकलं. 2016 साली तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी रुंदीकरण मंजूर केलं. पुढं गाडी मात्र बंद पडली, आणि बंदच आहे.

सासूबाईंना नवं स्टेशन दाखवायला नेलं. सगळीकडं नजर फिरवून त्या म्हणाल्या, "टेसन लय साजरं केलं बापा, पन आमची शकुंतला काहून नाही आनली?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

इमारत आणि गाड्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोरोनानंतर नीट कळलं. पॅसेंजर 'स्पेशल' म्हणून धावू लागल्या आणि किमान तिकीट 10 रुपयांवरून 30 झालं. ते पुन्हा 10 वर यायला फेब्रुवारी 2024 उजाडला. भाजीची टोपली घेऊन रोज फिरणाऱ्या बाईला येताजाता चाळीस रुपये जास्त पडत होते. नव्या कमानीनं ते भरून निघत नाहीत.

नवं स्टेशन मला आवडलं, यात लपवण्यासारखं काही नाही. पण तुमच्या गावातही असं उद्घाटन झालं, तर कमानीबरोबर वेळापत्रकाचाही फोटो काढा. कुठल्या गाड्या थांबतात, किती वाजता, कुठली बंद झाली, हे खासदारांना लेखी विचारा. आमच्याकडं आजही अचलपूरला जायचं तर नव्या स्टेशनातून बाहेर पडून एसटी स्टँड गाठावा लागतो.