मोटारसायकल शर्यतीची पहिली पायरी

(एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला)

वेगाचे आकर्षण कोणाला नसते? लहानपणी सायकलवरून उतार उतरताना हँडल सोडून दोन्ही हात पसरणारा मुलगा आपल्या प्रत्येकात दडलेला असतो. पुढे मिसरूड फुटते, हाती मोटारसायकल येते आणि त्या मुलाला घाट सापडतो. आम्हां सातारच्या मुलांना तो यवतेश्वरच्या रूपाने सापडतो. मोटारसायकलच्या शर्यतीत भाग कसा घ्यावा, हे सांगण्यासाठी मी हा लेख लिहीत आहे. पण शर्यत कोठे करू नये, येथूनच मला सुरुवात केली पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका पहाटे मी आणि माझा एक मित्र यवतेश्वरचा घाट चढत होतो. ‘वर पहिला कोण पोचतो ते पाहू,’ हे आव्हान माझे होते. मी पुढे निघून गेलो. मागे एका वळणावर दुधाच्या किटल्या बांधलेला मोटारसायकलवाला समोरून आला. त्याला वाचवताना माझा मित्र कठड्यावर आदळला. दूधवाला खरचटण्यावर निभावला. मित्राचा उजवा गुडघा मात्र आजही पुरता वाकत नाही. तो पोलीस भरतीची तयारी करीत होता. ती तयारी तेथेच संपली.

त्यानंतर कित्येक महिने मी गाडीला हात लावला नाही. अखेर मित्रच एके दिवशी म्हणाला, “तुला पळवायचीच असेल ना, तर जिथं समोरनं कुणी येत नाही तिथं पळव. आणि मला येऊन सांग.” त्याच्या या बोलण्याने मी शोध सुरू केला.

या खेळाला ‘रोड रेसिंग’ म्हणतात आणि नावामुळेच पुष्कळांची फसगत होते. हा खेळ एके काळी खरोखरच रस्त्यांवर चाले. ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरची ‘टी.टी.’ शर्यत १९०७ साली सुरू झाली, ती सार्वजनिक रस्ते बंद करून. आणि तिच्यात आजवर शंभराहून अधिक स्वारांचे प्राण गेले आहेत. पुढे या खेळासाठी बंदिस्त डांबरी मार्ग बांधले गेले. आज ‘रोड’ याचा अर्थ एवढाच, की धाव डांबरावर आहे, मोटोक्रॉससारखी मातीत नाही. आपल्या देशात या खेळाचे माहेरघर म्हणजे मद्रास, आजचे चेन्नई. तेथील मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ सालची. आरंभी शोलावरमच्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती होत. पुढे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा आणि बारा वळणांचा मार्ग तयार झाला. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०२३ च्या सप्टेंबरात ‘मोटो जी.पी.’ ही जागतिक स्पर्धाही भरली होती. पण नवशिक्याने जागतिक स्पर्धेकडे पाहून सुरुवात करायची नसते. त्याने शाळा शोधावी.

होय, शाळाच! या मार्गांवर अनुभवी स्वार नवशिक्यांसाठी दोन-तीन दिवसांचे वर्ग चालवतात. आधी वर्ग, मग सरावाचे दिवस, मग परवाना आणि त्यानंतर नवशिक्यांच्या गटातली शर्यत, असा हा क्रम आहे. शर्यतीचा परवाना भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाकडून घ्यावा लागतो. वाहन चालवण्याचा सरकारी परवाना वेगळा आणि हा वेगळा. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. रक्तगट लिहून द्यावा लागतो. आणि एका कागदावर आपण सही करतो, की हा खेळ धोक्याचा आहे हे मी जाणतो.

तो कागद मी वडिलांपुढे ठेवला. कायद्याने त्यांच्या संमतीची गरज नव्हती, मला होती. आमचे अण्णा एस.टी.त चालक आहेत. त्यांची निम्मी नोकरी घाटांत गेली. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारले, “दवाखान्याची गाडी असती का तिथं?” मी म्हणालो, “रुग्णवाहिका आणि डॉक्टर हजर असल्याशिवाय शर्यत सुरूच होत नाही.” ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “यवतेश्वरला नव्हती.” आणि नातेवाइकाच्या रकान्यात त्यांनी आपले नाव व फोन नंबर लिहिला.

आता साहित्याविषयी. संपूर्ण चेहरा झाकणारे उत्तम शिरस्त्राण, अंगभर चामड्याचा सूट, पाठीचे कवच, मनगट झाकणारे हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट, यांवाचून कोणी मार्गावर पाऊल ठेवू देत नाही. खिसा हलका असेल तर सूट भाड्याने घ्या. पण शिरस्त्राण स्वतःचे आणि नवे घ्या. एकदा जोरात आपटलेले शिरस्त्राण वरून धड दिसले, तरी आतून निकामी झालेले असू शकते. मी दोन सुट्ट्या पोवई नाक्याजवळच्या एका गॅरेजात काम करून शिरस्त्राणाचे आणि वर्गाचे पैसे जमवले. गाडी विकत घेण्याची तर मुळीच घाई करू नये. १६५ सी.सी.पर्यंतची गाडी भाड्याने मिळते. काही कंपन्या ‘वन-मेक’ शर्यती भरवतात. त्यांत निवड झालेल्या सर्वांना एकाच जातीच्या, कंपनीने सज्ज केलेल्या गाड्या देतात. टी.व्ही.एस.ची अशी स्पर्धा १९९४ पासूनची आहे आणि २०१६ पासून तिच्यात मुलींसाठी स्वतंत्र गट आहे. आमच्या महाविद्यालयाच्या भगिनींनी याची नोंद घ्यावी!

शर्यतीआधी गाडीची तपासणी होते. आरसे आणि स्टँड काढलेले असतात. दिव्यांच्या काचा फुटून मार्गावर पसरू नयेत म्हणून दिवे काढतात किंवा त्यांवर चिकटपट्टी लावतात. इंजिनातले तेल सोडण्याचा बोल्ट तारेने जखडतात. कारण एकाच्या गाडीचे सांडलेले तेल मागच्या दहाजणांना पाडते. मूठ सोडताच ती आपोआप मागे फिरते की नाही, हेही पाहतात. गॅरेजात काम करूनही यांतल्या निम्म्या गोष्टींचा मी कधी विचार केला नव्हता.

त्यानंतर निशाणांचा पाठ. पिवळे हलले की पुढे धोका आहे. तेथे कोणाला ओलांडायचे नाही. लाल म्हणजे शर्यत थांबली; हळूहळू परत यायचे. निळे म्हणजे मागून तुमच्याहून एक फेरी पुढे असलेला स्वार येतो आहे. पिवळ्यावर तांबडे पट्टे असतील तर मार्ग निसरडा आहे. नारिंगी ठिपक्याचे काळे निशाण आणि सोबत तुमचा क्रमांक दिसला, तर तुमच्या गाडीत बिघाड आहे. ताबडतोब बाजूला व्हायचे. हिरवे म्हणजे मार्ग मोकळा. आणि चौकटीचे म्हणजे शर्यत संपली. घाटात आम्हांला असे निशाण दाखवणारे कोणीच नव्हते.

मग येते खरी विद्या, वळणाची. सरळ मार्गावर गाडी कोणीही पळवतो. शर्यत जिंकली जाते ती वळणावर. येथे थोडे गणित क्षम्य मानावे. गाडी ४५ अंशांत कलवली, तर ताशी ३६ किलोमीटर वेगाला सुमारे १० मीटर त्रिज्येचे वळण घेता येते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ केला, तर तेवढ्याच कलाला सुमारे ४१ मीटर त्रिज्या लागते. वेग दुप्पट, जागा चौपट! ब्रेकचे गणितही असेच. म्हणून कसलेला स्वार वळणाच्या बाहेरच्या कडेने येतो, आतल्या कडेला स्पर्श करतो आणि पुन्हा बाहेरच्या कडेला जातो. अशाने त्याच वळणाची त्रिज्या त्याला मोठी करून मिळते. घाटात ही रेघ धरली, तर निम्मे वळण आपण समोरच्याच्या बाजूने जातो. माझ्या मित्राने नेमके हेच केले होते. त्याआधी मीही.

आमचे शिक्षक सांगत, “ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. आत शिरताना सबुरी, बाहेर पडताना जोर.” मला हसू आले. लहानपणी एस.टी.त शेजारी बसवून अण्णा सांगत, “वळणात शिरल्यावर काय ब्रेक दाबायचा? आधी दाबावा की!” हजार-अकराशे किलोमीटर दूर जाऊन मी घरचाच धडा ऐकत होतो. दुसरी शिकवण मात्र नवी होती. वेगात असताना डावीकडे वळायचे, तर डावी मूठ पुढे ढकलायची. गाडी आपोआप डावीकडे कलते. आणि तिसरी शिकवण सर्वांत मोठी : नजर जिकडे, गाडी तिकडे.

ती तिसरी मी दुसऱ्या दिवशी विसरलो. एका उजव्या वळणात जास्त वेगाने शिरलो, घाबरलो, पुढे पाहण्याऐवजी बाहेरच्या कडेकडे पाहिले आणि गाडी तिकडेच गेली. क्षणभरात मी आडवा झालो आणि बऱ्याच अंतरावर जाऊन थांबलो. उठून पाहतो, तर पिवळे निशाण हलते आहे आणि दोघेजण माझ्याकडे धावत येत आहेत. कोपरावरचे चामडे घासले होते. मला काही झाले नव्हते. चूक तीच होती, घाटातली. फक्त येथे समोर कठडा नव्हता आणि दूधवालाही नव्हता. मी तेथेच बसून रडलो. त्या दोघांना वाटले, मला लागले आहे.

म्हणून मार्गावर मरण नाही, असे मात्र कोणी समजू नये. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या याच मार्गावर एका तेरा वर्षांच्या होतकरू स्पर्धकाचा शर्यतीत अंत झाला. धोका येथेही आहे. पण जो तो पत्करतो, तो सही करून पत्करतो. घाटातल्या दूधवाल्याची सही आम्ही घेतली नव्हती.

वर्गाच्या पहिल्या दिवशी माझी फेरी दोन मिनिटे चाळीस सेकंदांची होती. काही महिन्यांनी, सरावाअंती, त्याच जातीच्या गाडीवर ती दोन मिनिटे बावीस सेकंदांवर आली. इंजिन तेच होते. ते अठरा सेकंद नजरेने आणि सबुरीने दिले. त्यानंतर परवाना काढून मी नवशिक्यांच्या गटात उतरलो. पात्रता फेरीतल्या वेळेनुसार शेवटून तिसरी जागा मिळाली. तांबडे दिवे विझले, आणि सहा फेऱ्या कशा संपल्या ते कळलेच नाही. वीसजणांत मी चौदावा आलो.

संध्याकाळी मित्राला फोन केला. क्रमांक ऐकून तो म्हणाला, “ते राहू दे. सगळे धड परत आले का?” मी म्हणालो, “सगळे.” तेव्हा कुठे त्याने विचारले, “मग फेरी किती सेकंदांची?” आणि आम्ही तासभर बोलत बसलो.

मित्रहो, ज्याला वेग हवा आहे त्याने तो खुशाल घ्यावा. पण वर्गाचे पैसे जमवावे, घरच्यांपुढे कागद ठेवावा आणि एका दिशेच्या मार्गावर जावे. यवतेश्वरला मी आजही जातो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, आपल्या बाजूने. मागे मित्र बसलेला असतो.