जुन्या बुलेटची कुरकुर

रोग्यानें आपलें दुखणें नीट सांगितलें म्हणजे वैद्याचें अर्धें काम होतें. यंत्राला वाणी नाहीं. परंतु त्याचा आवाज केव्हां येतो आणि केव्हां थांबतो, हें लक्षपूर्वक ऐकणाऱ्यास तें आपली व्यथा आपणच सांगतें.

समजा, एका दूधवाल्याजवळ वडिलांच्या वेळची साडेतीनशेची बुलेट आहे. पहांटे दोन कॅन लादून त्याला डेअरी गांठावयाची असते. एके दिवशीं परततांना डाव्या बाजूनें खडखड ऐकूं येते. दुसऱ्या दिवशीं किक मारावी तर पाय सरळ खालीं जातो, आणि इंजिन कांहीं जागें होत नाहीं. कोणी म्हणतो पिस्टन गेला, कोणी म्हणतो क्रँक गेली. इंजिन उघडावेंच लागेल! इंजिन उघडणें म्हणजे महिन्याची मिळकत जाणें आणि आठ दिवसांचा खाडा पडणें. म्हणून पान्याला हात घालण्यापूर्वीं ह्या गाडीची रचना समजून घेतली पाहिजे.

ही गाडी मूळची इंग्लंडांतील. मद्रासेस ती १९५५ सालापासून तयार होऊं लागली. ओतीव लोखंडी सिलिंडरचें तें जुनें इंजिन आतां नवें निघत नाहीं, तरी रस्त्यावर अद्याप आढळतें. त्यांत इंजिन आणि गिअरपेटी हीं निरनिराळीं असतात. दोहोंस जोडणारी दुपदरी साखळी डाव्या झांकणाखालीं तेलांत फिरते, आणि तिच्या मागल्या टोकास क्लच असतो. क्लच म्हणजे एकाआड एक रचलेल्या चकत्या. स्प्रिंगांच्या दाबानें त्या एकमेकींस घट्ट धरतात. मुठीजवळचा दांडा ओढला कीं सुटतात. मुख्य गोष्ट ही कीं, किकचा जोर गिअरपेटींतून ह्या क्लचमार्गेंच इंजिनास पोहोंचतो. म्हणून खडखड आणि सुरू न होणें ह्या दोन तक्रारींचें घर एकच असूं शकतें.

प्रथम किक पाहूं. चावी लावून किक हळूहळू दाबावी आणि दिव्यापाशीं असलेल्या अँमीटरच्या कांट्याकडे पाहावें. पॉइंट मिटले कीं कांटा उणे बाजूस झुकतो, उघडले कीं मध्यावर येतो. पाय खालीं गेला तरी कांटा स्तब्धच राहिला, तर इंजिन फिरलेंच नाहीं. दोष क्लचचा किंवा किकच्या दांत्यांचा. कांटा हलला, पण पायास अडथळा लागला नाहीं, तर इंजिनांतील दाब निसटत आहे. अशा वेळीं डीकॉम्प्रेसरची तार ताणलेली नाहीं ना, हें आधीं पाहावें.

अडथळा लागतो आणि तरीही गाडी पेटत नाहीं, तर प्लग काढून पाहावा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाहीं. ओला असेल तर ठिणगी तपासावी. मात्र प्लगच्या भोंकाजवळ पेट्रोलची वाफ असते, म्हणून प्लग तेथून दूर, धातूला टेकवून धरावा. ठिणगी फिकी असल्यास पॉइंट स्वच्छ करून त्यांतील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावी.

आतां आवाज. गाडी न्यूट्रलमध्यें सावकाश चालू ठेवून क्लचचा दांडा ओढावा व सोडावा. ओढल्यावरच आवाज येत असेल, तर क्लच ढकलणारी सळई, तिची गोळी किंवा क्लचचें बेअरिंग संशयास्पद. सोडलेल्या स्थितींतच येत असेल व ओढतांच मंदावत असेल, तर गिअरपेटीचा मुख्य दंड किंवा सैल झालेल्या चकत्या. दोन्हीं स्थितींत सारखाच येत असेल, तर बहुधा साखळी सैल होऊन झांकणास घासत असते. झांकण काढण्यापूर्वीं खालीं भांडें ठेवावें, कारण तेल सांडतें. साखळी एकाच ठिकाणीं न पाहतां चाक फिरवून अनेक ठिकाणीं पाहावी. जेथें ती सर्वांत घट्ट असेल तेथें सुमारें सहा मिलिमीटर सैलपणा असावा. झांकण बसविल्यावर पातळीच्या छिद्रांतून वाहूं लागेपर्यंत नवें तेल भरावें.

आपल्या दूधवाल्याचा कांटा स्तब्धच राहिला. क्लचच्या तारेंत तिळमात्र ढील उरली नव्हती, त्यामुळें चकत्यांवरील दाब अर्धवट सुटलेला होता. दांड्याला दोनतीन मिलिमीटर मोकळी हालचाल मिळतांच किकनें इंजिनास धरलें. खडखड दोन्हीं स्थितींत सारखी होती. ती साखळीची निघाली. खर्च आला तो तेलापुरता.

एक सावधगिरी मात्र विसरूं नये. घाईनें, अर्धवट जोरानें मारलेली किक उलटून घोट्यास इजा करते. अडथळा लागेपर्यंत किक दाबावी, डीकॉम्प्रेसर धरून ती किंचित् पुढें न्यावी, डीकॉम्प्रेसर सोडून किक वर येऊं द्यावी आणि मग एकाच पूर्ण झोकानें मारावी. सकाळीं त्यापूर्वीं क्लच ओढून दोनतीनदां किक मारल्यास रात्रभर चिकटलेल्या चकत्याही सुटतात, आणि पहिला गिअर धक्का न देतां पडतो.

तात्पर्य, स्वस्त आणि बाहेरचें तें आधीं तपासावें. महाग आणि आंतलें तें शेवटीं. जुनें यंत्र कुरकुरतें तें बहुधा मरणाच्या भीतीनें नव्हे, तर थोड्या देखभालीच्या आशेनें.