मोरीत सोडलेली बिअर

छोट्या ब्रुअरीत टाकी धुताना तळाशी उरलेली ५० लिटर बिअर मोरीत सोडली, तर पाहणाऱ्याला त्यात वावगं काही दिसत नाही. पिवळसर पाणी, थोडा फेस, आणि दोन मिनिटांत फरशी स्वच्छ. पण एक लिटर बिअर कुजवायला जिवाणूंना सुमारे १०० ग्रॅम प्राणवायू लागतो. ५० लिटरांना झाला ५ किलो. एका माणसाच्या दिवसभराच्या सांडपाण्याला साधारण ५० ग्रॅम पुरतो. म्हणजे टाकीच्या त्या तळाने गटारावर शंभर माणसांच्या वस्तीचा भार टाकला.

प्राणवायूच्या या मागणीला बीओडी म्हणतात. आपल्याकडे ती २७ अंश तापमानाला तीन दिवस नमुना ठेवून मोजतात. घरगुती सांडपाण्यात ती लिटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅम असते, ब्रुअरीच्या एकत्रित सांडपाण्यात २,००० ते ४,०००. नदीत सोडायच्या पाण्यासाठी मर्यादा आहे फक्त ३०, आणि शहराच्या मलवाहिनीत सोडायच्या पाण्यासाठी ३५०.

या पाण्यात विष नसतं, उलट खाद्य असतं: साखर, प्रथिनं, यीस्ट. ते खायला नदीतल्या जिवाणूंची झुंबड उडते, पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरून मरतात. मुळा-मुठेसारख्या आधीच थकलेल्या नद्यांना हा बोजा झेपणारा नाही.

हजार लिटर बिअरमागे ब्रुअरीत चार ते सात हजार लिटर पाणी खर्ची पडतं. त्यातलं बरंचसं धुण्यात जातं. टाक्या आधी कास्टिक सोड्याने धुतात, मग आम्लाने. त्यामुळे सांडपाणी सकाळी कमालीचं अल्कधर्मी, तर दुपारी आंबट असू शकतं. असं पाणी थेट शुद्धीकरण यंत्रणेत शिरलं तर तिथले जिवाणूच मरतात. म्हणून सगळं पाणी आधी एका मोठ्या टाकीत साठवून एकसारखं करतात. कास्टिक आणि आम्लाची धुवणं तिथे एकमेकांची धार बरीच कमी करतात.

तरीही खरं काम मोरीच्या अलीकडचं आहे.

हजार लिटर बिअरमागे माल्टचा सुमारे २०० किलो ओला चोथा निघतो. जनावरं तो आवडीने खातात, मात्र एक-दोन दिवसांत तो आंबतो; तेव्हा गोठेवाल्याशी रोजचं ठरलेलं हवं. यीस्टचा गाळ त्याहून जड प्रकरण. त्याची बीओडी लिटरमागे दीड लाख मिलिग्रॅमच्याही वर जाते, आणि पाइप लावून धुतला की तो क्षणात दिसेनासा होतो. तोच पिंपात वेगळा काढला तर गटारावरचा फार मोठा भार टळतो. जनावरांना घालायचा असेल तर आधी तापवून यीस्ट मारावं लागतं, नाहीतर पोट फुगतं. फरशीवर पाणी मारण्याआधी रबरी वायपरने गाळ ओढून घेणं, कास्टिकचं द्रावण पुन्हा वापरणं, ही कामंही बिनखर्चाची म्हणावीत अशीच.

उरलेल्या पाण्यासाठी यंत्रणा. हवा फुंकून चालणाऱ्या टाक्यांना वीज बरीच लागते. दुसरी वाट हवेविना काम करणाऱ्या जिवाणूंची. नेदरलँड्समधले शास्त्रज्ञ गात्झे लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात त्यासाठी ‘यूएएसबी’ टाकी विकसित केली. तिच्यातून मिथेन वायूही मिळतो. पण या जिवाणूंना नियमित खाद्य लागतं. आठवड्यातून दोनदाच बिअर करणाऱ्या, हॉटेलच्या तळघरातल्या मायक्रोब्रुअरीला ते जमवणं कठीण. तिने दाट गाळ साठवून जवळच्या बायोगॅस प्रकल्पाला द्यावा, हे अधिक शहाणपणाचं.

कॅलिफोर्नियातल्या क्लोव्हरडेल या छोट्या गावात बेअर रिपब्लिक ब्रुअरी पाण्याची मोठी ग्राहक होती. २०१४ च्या दुष्काळाच्या सुमारास तिने नव्या विहिरींसाठी नगरपालिकेला आगाऊ पैसे दिले आणि सांडपाण्यातून मिथेन काढणारी यंत्रणाही बसवली. सगळ्यांची एवढी ऐपत नसते, हे खरंच आहे.

पण पाण्याचं मीटर आणि यीस्टसाठी झाकणाचं पिंप कुणालाही परवडतं. नवी मायक्रोब्रुअरी काढणाऱ्याने बिअरची पहिली टाकी भरण्याआधी या दोन वस्तू आणाव्यात, आणि लिटरभर बिअरमागे किती लिटर पाणी गेलं याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी.