ऊष्माघात प्रथिने, यीस्टमधील
तापमान नेहमीपेक्षा काही अंशांनी एकाएकी वाढले असता सजीव कोशिकांत (पेशींत) ज्या प्रथिनांची निर्मिती त्वरेने वाढते, त्यांना ‘ऊष्माघात प्रथिने’ म्हणतात. या प्रतिसादाचा पहिला पुरावा इटालियन शास्त्रज्ञ फेर्रूच्चो रितोसा यांना १९६२ मध्ये ड्रॉसोफिला या माशीच्या लालाग्रंथींतील गुणसूत्रांवर उष्णतेमुळे आलेल्या फुगवट्यांच्या रूपाने मिळाला. जवळजवळ सर्व सजीवांत आढळणाऱ्या या प्रतिसादाच्या नियंत्रणाचे पुष्कळसे ज्ञान मात्र पाव व मद्य यांच्या उत्पादनात वापरल्या जाणाऱ्या सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी या यीस्टवरून झाले आहे. कारण त्यातील जीन (आनुवंशिक घटक) काढणे वा बदलणे सुलभ असते.

कार्य : ॲमिनो अम्लांच्या साखळीची विशिष्ट घडी पडली, तरच प्रथिन कार्यक्षम होते. उष्णतेने ही घडी विस्कटते व साखळ्या एकमेकींस चिकटतात. एचएसपी ७० व ९० (आकडे रेणुभाराचे निदर्शक) ही प्रथिने घडी पडण्यास साहाय्य करतात, तर एचएसपी १०४ चिकटलेल्या साखळ्या सोडविते. ३७° से. तापमानात काही काळ ठेवलेले यीस्ट पुढे ५०° से. तापमान बरेच अधिक सहन करते. एचएसपी १०४ चा जीन नसल्यास ही संपादित सहनशक्ती बव्हंशी नष्ट होते, असे योलांडा सांचेझ व सूझन लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये दाखविले.

नियंत्रण : एचएसएफ १ हे नियामक प्रथिन तीन रेणूंच्या संयुक्त रूपात संबंधित जीनांच्या आरंभापूर्वी असलेल्या डीएनएच्या ठराविक क्रमास चिकटून त्यांचे प्रतिलेखन (आरएनए प्रत तयार होणे) वाढविते. एरवी एचएसपी ७० त्यास बद्ध करून निष्क्रिय ठेवते. उष्णतेने घडी बिघडलेली प्रथिने वाढली की, एचएसपी ७० त्यांच्याकडे वळते व नियामक मोकळा होतो. पुरेसे एचएसपी ७० तयार झाल्यावर ते नियामकास पुन्हा बद्ध करते. अशा रीतीने कोशिका प्रत्यक्ष तापमानाऐवजी प्रथिनांना पोहोचलेली हानी ‘मोजते’ आणि प्रतिसाद आपोआप आवरला जातो. एमएसएन २ व एमएसएन ४ हे अन्य नियामक उष्णतेप्रमाणेच उपासमार, अल्कोहॉल इ. ताणांच्या वेळीही कोशिकेच्या प्रकलात (केंद्रकात) शिरून अनेक संरक्षक जीन कार्यान्वित करतात.

महत्त्व : एचएसएफ १ चा जीन काढल्यास यीस्ट नेहमीच्या तापमानातही जगत नाही. तथापि एचएसपी ७० व ९० यांचा कृत्रिम रीत्या पुरवठा केल्यास ते जगते, असे २०१६ मध्ये दिसून आले. यावरून ‘ऊष्माघात’ हे नाव काहीसे अपुरे ठरते. प्रथिनांच्या घड्या सुस्थितीत राखणे ही कोशिकेची नित्याची गरज असून उष्णतेच्या वेळी ती केवळ तीव्र होते.