कर्तारपुरची वाट

यात्रा पुण्यासाठीं करावयाची, हें आपण घरोघरीं ऐकतों. परंतु रुसलेल्या दोन राष्ट्रांना एकमेकांशीं बोलावयास लावण्याचें कामही यात्रा कधीं कधीं करिते. तें कसें व कोठवर, हें येथें कर्तारपुरच्या उदाहरणानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शिखांचे आद्य गुरु नानक यांनीं आयुष्याचीं अखेरचीं वर्षें रावीच्या कांठीं कर्तारपुर येथें शेती व उपदेश करून घालविलीं. १५३९ सालीं त्यांनीं तेथेंच देह ठेविला. १९४७ च्या फाळणींत तें स्थान पाकिस्तानांत गेलें. सीमेपासून अंतर अवघें साडेचार किलोमीटर. तरी भारतांतील भाविक डेरा बाबा नानक येथून दुर्बिणीनें त्या वास्तूचें दर्शन घेत आणि माघारी फिरत.

१९७४ सालीं उभय सरकारांनीं तीर्थयात्रांविषयीं करार केला. पण कर्तारपुरची वाट उघडावयास २०१९ साल उजाडलें. तें वर्ष सलोख्याचें मुळींच नव्हतें. फेब्रुवारींत पुलवामा येथें हल्ला झाला; ऑगस्टमध्यें पाकिस्तानानें भारताच्या राजदूतास परत पाठविलें व व्यापार थांबविला. असें असतां २४ ऑक्टोबर रोजीं दोन्ही राष्ट्रांनीं कर्तारपुरच्या करारावर सह्या केल्या, आणि ९ नोव्हेंबरला, नानकांच्या ५५० व्या जयंतीच्या सुमारास, वाट खुली झाली. भारतांतील कोणत्याही धर्माच्या यात्रेकरूनें व्हिसावांचून जावें व त्याच दिवशीं परतावें, दररोज पांच हजारांना प्रवेश असावा, असें ठरलें. फाळणींत ताटातूट झालेले दोन भाऊ जानेवारी २०२२ मध्यें, ७४ वर्षांनीं, तेथेंच एकमेकांच्या गळ्यांत पडले.

तथापि यात्रेचें बळ मर्यादितच असतें. कराराची मुदत २०२४ मध्यें पांच वर्षांनीं वाढविण्यांत आली. परंतु मे २०२५ मध्यें लढाई जुंपतांच भारतानें आपल्या बाजूचें दार लावून घेतलें. यात्रा युद्ध थांबवूं शकत नाहीं. इतर सर्व बोलणीं खुंटलीं असतां बोलावयास एक विषय मात्र ती शिल्लक ठेविते, आणि हा लाभ लहान नव्हे.

आमच्या नामदेवांचीं पदें शिखांच्या ग्रंथसाहिबांत आहेत. तेव्हां ही वाट मराठी जनांसही परकी नाहीं. वाट बांधणें हें सरकारांचें काम खरें. पण ती हवी असा आग्रह सामान्य भाविकांनींच वर्षानुवर्षें धरिला होता, हें आमच्या बालवाचकांनीं ध्यानांत ठेवावें.