ट्रॉली बांधताना : आख आणि ब्रेक



दसरा जवळ आला की आपल्या भागातल्या वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॉल्यांची रांग लागते. कुणी नवी बांधतो, कुणी जुनीला ठिगळ लावतो. दुकानात गेल्यावर सभासद विचारतो काय, तर साटा किती फुटी, पत्रा किती जाडीचा, रंग कोणता आणि मागे नाव कुणाचे घालायचे. आख कसला आणि ब्रेक कसला, हे विचारणारे फार थोडे. आख मिस्त्री बसवेल तो, आणि ब्रेकचे विचारले की, "ट्रॅक्टरला हायत की!" असे उत्तर मिळते. म्हणून या अंकात आम्ही या दोनच गोष्टींवर लिहीत आहोत.

लाकडी बैलगाडीच्या काळात आपल्या वडीलधाऱ्यांना हे शिकवावे लागत नव्हते. बाभळीचे लाकूड डोळ्यांनी पारखायचे, तुंबा कुठे तडकला ते हाताने चाचपायचे, धाव सैल झाली की आवाजावरून कळायचे. ओझेही टन-दीड टनाचे. आता एका ट्रॉलीत आठ-दहा टन ऊस भरतो आणि आख मात्र रंगाखाली झाकलेला असतो.

प्रथम आखाचा हिशेब करू. समजा चार चाकी ट्रॉली आहे. आठ टन ऊस आणि दोन टन ट्रॉलीचे, असे दहा टन. म्हणजे एका चाकावर अडीच टन. आख वाकतो तो पाट्याची बैठक आणि चाकाचा मध्य यांच्यामधल्या अंतरामुळे. हे अंतर २५ सेंटिमीटर धरले आणि आख ६५ मिलिमीटरचा भरीव चौरस असला, तर उभ्या गाडीत त्याच्या लोखंडावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १,३६५ किलो ताण येतो. साधे पोलाद २,५०० किलोच्या आसपास कायमचे वाकते. मग भीती कशाची? भीती पाणंदीची. चाक खड्ड्यात आदळले की क्षणभर ओझे दुप्पट होते आणि ताण २,७०० च्या पुढे जातो. तोच आख ७५ मिलिमीटरचा घेतला तर उभ्या गाडीत ताण सुमारे ८९० आणि खड्ड्यात १,७८०. जाडी फक्त १० मिलिमीटरने वाढली, लोखंडाचे वजन एक तृतीयांशाने वाढले, पण ताकद दीडपट झाली. ही खरेदी स्वस्तच म्हणायची.

पण इथेही एक मेख आहे. साटा रुंद दिसावा म्हणून काहीजण चाके बाहेर काढून घेतात. वरचे २५ सेंटिमीटरचे अंतर ३५ झाले, की ७५ चा आखही खड्ड्यात वाकण्याच्या हद्दीवर येतो. म्हणून मिस्त्रीला सांगावे, पाट्याची बैठक चाकाच्या जितकी जवळ नेता येईल तितकी ने. यात पैसा लागत नाही, फक्त टेप लावावी लागते.

भंगारातला ट्रकचा आख वाईट नसतो; उलट पुष्कळदा नव्या साध्या गजापेक्षा त्याचे पोलाद चांगले असते. वाईट असतो तो कापून मधे जोडलेला आख. तापवून कडक केलेल्या पोलादाला वेल्डिंगची आच लागली की जोडाशेजारची जागा ठिसूळ होते. तिथे केसासारखी चीर पडते आणि एका हंगामात आतपर्यंत जाते. घेताना आख रॉकेलने धुवावा, खडू फासावा आणि तासाभराने बघावे. चिरेतून रॉकेल बाहेर येऊन खडूवर रेघ उमटली, तर तो आख दुकानातच ठेवावा.

हबमध्ये दोन निमुळत्या बेअरिंगी असतात, आतली मोठी, बाहेरची लहान. नदीकाठच्या सभासदांनी ध्यानात ठेवावे की २०१९ किंवा २०२१ च्या महापुरासारखे पाणी चढून ट्रॉली बुडाली असेल, तर वरून ग्रीस मारून भागत नाही. हब उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरावे लागते.

आता ब्रेक. गेल्या हंगामात आमच्याच गटातल्या एका सभासदाची भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला ढकलत घेऊन गेली. ट्रॅक्टर आडवा झाला आणि चालक पोराचा पाय मांडीत मोडला. पोरगा चुकला नव्हता. त्याने ब्रेक दाबला होता, गिअरही खालचा होता. चूक हिशेबाची होती.

ती अशी. दहा फुटाला एक फूट उतार असला तर दहा टनांची ट्रॉली ट्रॅक्टरला सुमारे एक टनाने पुढे रेटते. ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना, आणि त्या चाकांवर वजन सव्वा-दीड टन. ओल्या मातीने भरलेल्या रस्त्यावर त्यातले निम्मेही पकडीला येत नाही. म्हणजे धरायची ताकद सहा-सातशे किलो आणि रेटा एक टन! खालच्या गिअरला इंजिन धरते खरे, पण तेही त्याच मागच्या चाकांतून. चाकच घसरले तर इंजिन काय करणार? पाटण-शिराळ्याकडच्या उतारांवरून ऊस आणणाऱ्यांनी तर हे पाठच करावे. वेगाचेही तसेच : २० ऐवजी ४० च्या वेगाने निघालात तर थांबायला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागते.

म्हणून ब्रेक ट्रॉलीलाच हवा. धक्क्यावर चालणारा ब्रेक सर्वांत स्वस्त. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे सरकते, दांडी दबते आणि त्याच दाबाने ब्रेक लागतो. दोन चाकी लहान ट्रॉलीला तो ठीक आहे. युरोपात मोटारीमागच्या ट्रेलरला हा ब्रेक एकूण साडेतीन टनांपर्यंतच चालतो, यावरून त्याची कुवत समजावी. लांब उतारावर तो सारखा घासत राहून तापतो, आणि मागे घेतानाही लागतो, म्हणून त्याला खीळ घालावी लागते. खीळ काढायला विसरले की ब्रेक नाहीच!

उसाच्या मोठ्या ट्रॉलीला आमच्या मते हवेचा ब्रेकच घ्यावा. त्यासाठी ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी लागते. खर्च आहे, नाही असे नाही. पण चालकाच्या एका पायाने सगळे एकदम लागतात. आणि नळी तुटली किंवा ट्रॉली सुटली तर ब्रेक आपोआप लागेल अशीच जोडणी मिस्त्रीकडून मागून घ्यावी. ब्रेक फक्त पुढच्या फिरत्या आखाला बसवू नये, मागची बाजू फिरून येते. निदान मागच्या आखाला हवा, चारही चाकांना असला तर उत्तम. दोन ट्रॉल्या जोडणाऱ्यांनी शेवटच्या ट्रॉलीचा ब्रेक आधी कधीच सोडून देऊ नये. ती मागे ओढून धरते, तेव्हाच सगळी ओळ सरळ राहते.

शेतात वळायला ट्रॅक्टरची डावी-उजवी ब्रेक-पायडल वेगळी दाबतात. रस्त्याला लागताना दोन्ही कडीने जोडून घ्यावीत. एवढे न केल्याने भरली गाडी एका बाजूला ओढली गेल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

ट्रॉली बांधून झाली की आधी रिकामी, मग अर्धी भरून जवळच्या उतारावर न्यावी, ब्रेक लावून थांबवावी आणि उतरून चारही ड्रमजवळ हात धरून बघावे. एक गरम आणि तीन थार असतील, तर ब्रेक एकच चाक धरतोय. मग पहिल्या खेपेच्या आधी मिस्त्रीकडे परत जावे आणि उरलेले पैसे तोवर खिशातच ठेवावेत.