तुकड्यातुकड्यांचा आवाज

पाठाची चित्रफीत तयार करायला आता खेड्यातल्या शिक्षकालाही मोबाईल पुरतो. समजा, तुम्ही वर्गात चार शब्द बोललात, विहिरीवर एका शेतकऱ्याला बोलते केलेत, मुलांची लेझीमही टिपलीत आणि तिन्ही तुकडे संगणकावर जोडलेत. चित्र ठीक जमते. आवाज मात्र जमत नाही. तुमचे बोलणे नीट ऐकू येत नाही म्हणून मूल आवाज वाढवते, तोच लेझमीचा ताल कानठळ्या बसवतो. ते घाईने आवाज कमी करते आणि पुढचे वाक्य हुकते. पाठ तिथेच तुटतो.

मग उपाय काय? प्रत्येक तुकड्यातला सर्वात मोठा आवाज एका उंचीला आणला की झाले, असे पुष्कळांना वाटते. पण तसे होत नाही. तुम्ही हळू बोलत असताना मध्येच दार आपटले, तर त्या तुकड्याचे शिखर म्हणजे ते दार! संगणक दाराची उंची जुळवतो. तुमचे बोलणे दबलेलेच राहते. आपला कान क्षणभराच्या दणक्यावर जात नाही. काही वेळ टिकलेला आवाज त्याला लहान की मोठा वाटतो, हे महत्त्वाचे.

हे कानाचे माप मोजण्याची रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली प्रसिद्ध केली. त्याचे एकक एलयूएफएस. यात शून्याच्या खालचे आकडे येतात. युरोपीय प्रसारण संघाने २०१० साली कार्यक्रमांसाठी उणे २३ ही पातळी ठरवली.

'शॉटकट' हा संकलनाचा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात 'नॉर्मलाइज : टू पास' नावाचे फिल्टर आहे. ते आधी सगळा तुकडा मोजते, मग आवाज वरखाली करते. सर्व तुकड्यांना एकच आकडा द्या, म्हणजे झाले.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. आवाज वाढवला की मागचा पंखा, वारा हेही वाढतात. म्हणून टिपतानाच मोबाईल बोलणाऱ्याजवळ धरा. दुसरे, शिखर शून्य डेसिबलच्या वर गेले तर आवाज फाटतो. तेव्हा एक डेसिबल तरी खालीच राहा. बोलण्यामागे संगीत असेल, तर ते आणखी बरेच खाली ठेवा.

शेवटी चित्रफीत मोबाईलवर लावा, वर्गाच्या मागच्या बाकावर बसा आणि आवाजाच्या बटणाला हात न लावता ती पूर्ण ऐका.